दुष्काळ दारात यायच्या आधीच त्याची मोजदाद सुरू करणारे पुण्याचे सार्वजनिक काका

चक्रीवादळ येणार म्हटलं की आता सगळ्यांना ठरलेली दृश्यं माहीत आहेत. हवामान खात्याचे नकाशे, किनाऱ्यावर आधीच येऊन थांबलेल्या एनडीआरएफच्या टीम, शाळांमध्ये हलवलेले लोक आणि मग नुसतं वाट बघणं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याच्या आदल्या दिवशी सगळं कोकण असंच वाट बघत बसलं होतं. वादळ कुठे येणार, कधी येणार, वाऱ्याचा वेग किती असणार, सगळं माहीत होतं. हातात वेळ मात्र एक-दोन दिवसांचाच.

दुष्काळाचं याच्या बरोबर उलटं असतं. तो चार महिने आधी दिसायला लागतो. जूनमध्ये वाटतं उशीर झालाय, पडेल. जुलैत वाटतं, श्रावणात भरून काढेल. सप्टेंबरमध्ये माणसं आकाशाकडे बघणं सोडून दाण्याच्या कणगीत डोकवायला लागतात. संकट येतंय हे सगळ्यांना दिसत असतं, पण ते आलं असं जाहीर करायला कोणी तयार नसतं. कारण जाहीर केलं की पैसे खर्च करावे लागतात.

१८७६ साली पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात, म्हणजे इंदापूर आणि बारामतीच्या पट्ट्यात, नेमकं हेच घडत होतं. तेव्हा पुण्यातल्या एका वकिलाने आणि त्याच्या संस्थेने हा मधला वेळ नुसता वाट बघण्यात घालवला नाही. त्यांनी तालुक्यांत माणसं पाठवली, माहिती गोळा केली आणि ती सरकारच्या टेबलावर आपटत राहिले.

या वकिलांचं नाव गणेश वासुदेव जोशी. पण या नावाने त्यांना फारसं कोणी ओळखत नाही. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणायचे.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. नोकरीसाठी पुण्यात आले, कोर्टात कारकुनी केली, ती सुटली. मग वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात चांगला जम बसवला. इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या अनेक हुशार ब्राह्मण कारकुनांसारखीच आहे.

वेगळं वळण आलं ते पर्वतीच्या देवस्थानामुळे. पर्वतीच्या कारभाराबद्दल पुण्यात तक्रारी सुरू झाल्या होत्या. तक्रार सगळे करत होते, पण लोकांच्या वतीने बोलायचं कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न होता. त्यातून २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष, पण गाडा ओढायचे काका.

या सभेचा एक नियम आजच्या काळातही भारी वाटेल असा होता. सभेचं सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांनी सही करून तुम्हाला आपला प्रतिनिधी नेमायला हवं. काकांच्या डोक्यातला वकील इथे दिसतो. कोर्टात अशिलाच्या वकीलपत्राशिवाय उभं राहता येत नाही, मग जनतेच्या वतीने सरकारपुढे उभं राहताना तरी कसं राहायचं? सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे साधारण सहा हजार लोकांच्या सह्या. काँग्रेसची स्थापना व्हायला तेव्हा पंधरा वर्षं बाकी होती.

सार्वजनिक सभेसाठी रात्रंदिवस राबणारा माणूस म्हणून काकांना सार्वजनिक काका हे नाव पडलं ते कायमचं. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात बदलून आले. रानडे सरकारी नोकर असल्याने त्यांना उघडपणे सगळं करता येत नव्हतं. मग बुद्धी रानड्यांची आणि पाय काकांचे अशी जोडी जमली. काकांनी याच काळात स्वदेशीचं व्रत घेतलं, स्वतः सूत कातायचे, त्याच खादीचे कपडे घालायचे. गांधीजी तेव्हा पोरबंदरमध्ये अगदी लहान होते. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्री-विचारवती सभा सुरू केली, जिच्या हळदीकुंकवाला वेगवेगळ्या जातींच्या बायकांना बोलावलं जायचं. यावर एक स्वतंत्र लेख होईल.

आता इंदापूर-बारामतीकडे येऊ.

इंदापूर तालुक्याचा नकाशा उघडून बघा. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा. दोघी नीरा नरसिंहपूरला एकत्र येतात. नकाशावर बघितलं तर वाटेल, इथे पाण्याला काय तोटा? पण दोन्ही नद्या खोल पात्रातून वाहायच्या आणि रान वर कोरडं राहायचं. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत संपलेला असतो. वर्षाला सरासरी वीस इंचांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. त्यात इथलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. म्हणजे सगळी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर, उत्तरा आणि हस्ताच्या नक्षत्रांवर. हत्ती बरसला तर शाळू साधतो, नाही बरसला तर पेरणीच होत नाही. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती आणि तिची अवस्थाही अशीच. आज बारामती म्हटलं की डोळ्यांपुढे ऊस येतो, पण तेव्हा इथे कालवा नव्हता.

याच इंदापुरात इंग्रजांनी शेतसाऱ्याचा मोठा प्रयोग केला होता. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इथल्या जमिनी मोजून सारा ठरवला आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. तीस वर्षांचा तो करार १८६७ मध्ये संपला तेव्हा इंदापूरचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला गेला. वेळ कोणती, तर अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते तेव्हाची. सारा रोखीत भरायचा, रोकड सावकाराकडे, आणि सावकाराकडे कोरा कागद ज्यावर शेतकऱ्याचा अंगठा.

सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये उपसमिती नेमून या साऱ्याचा अभ्यास केला. शेतकरी आळशी किंवा उधळ्या आहे म्हणून कर्जात बुडाला, असं सरकारी मत होतं. सभेने आकडे मांडून ते खोडायचा प्रयत्न केला. चहूबाजूंनी ओरड झाल्यावर १८७४ मध्ये मुंबई सरकारने साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली. पूर्ण तालुक्यात ३३ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको, एका गावात ६६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, एका शेतकऱ्यावर दुपटीपेक्षा जास्त नको. म्हणजे याआधी याहून जास्त वाढ होत होती, हे सरकारनेच मान्य केल्यासारखं झालं.

पण उशीर झाला होता. १२ मे १८७५ ला सुपे गावच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले. कर्जाचे कागद काढून जाळले. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात ते इथून पेटले आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला.

आयोगाचं काम आटोपून वर्षही झालं नव्हतं आणि १८७६ चा पावसाळा आला. खरं तर आलाच नाही.

सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा झाला आणि बाजरी गेली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर जवळजवळ कोरडे गेले. पूर्वेकडच्या तालुक्यांत रब्बीची पेरणीच झाली नाही. पुढचं पीक यायला आता अख्खं एक वर्ष होतं आणि कर्ज द्यायला सावकार तयार नव्हते, सुप्याला सव्वा वर्षच तर झालं होतं.

आज आपल्याला माहीत आहे की १८७७ च्या आसपास प्रशांत महासागरात एक जबरदस्त एल निनो तयार झाला होता आणि त्याने भारतच नाही, तर चीन आणि ब्राझीललाही झोडपलं. तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. भारताचं हवामान खातं १८७५ मध्ये नुकतंच सुरू झालं होतं आणि मान्सूनचे अंदाज देण्याचे प्रयत्न सुरू झाले ते याच दुष्काळाचा धक्का बसल्यानंतर. त्यामुळे संकट किती मोठं येतंय हे कळायचा एकच मार्ग होता. तिथे जाऊन बघणं.

सभेने तेच केलं. पावसाळा संपता संपता काकांच्या सभेने दख्खनच्या जिल्ह्यांत तालुका-तालुक्यातून माहिती मागवायला आणि माणसं पाठवायला सुरुवात केली. कुठे किती पाऊस पडला, पेरणी किती झाली, रुपयाला ज्वारी किती मिळते, जनावरं कोणत्या भावाने विकली जातायत, विहिरींना पाणी किती, किती घरांना कुलपं लागली. ही सगळी माहिती इंग्रजीत नीट मांडून सभा मुंबई सरकारला पाठवत राहिली. एक पत्र पाठवून गप्प बसले नाहीत, एकामागून एक अहवाल गेले.

यात काय विशेष, असं वाटू शकतं. विशेष हे की दुष्काळाची चाहूल देणाऱ्या या खुणा पर्जन्यमापकात दिसत नाहीत. शेतकरी आधी दागिना विकतो, मग शेळी, मग गाय आणि सगळ्यात शेवटी बैल. बाजारात बैल स्वस्त झाले की समजायचं, पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी नांगर धरायला जोडी नसणार. आणि बैलानंतर विकायला काही उरत नाही तेव्हा माणसं जगायला बाहेर पडतात. हा शब्द आपल्याकडे आजही वापरतात, अमका जगायला मुंबईला गेला. १८७६ मध्ये लोक जगायला निजामाच्या मुलखाकडे, खानदेशाकडे, वऱ्हाडाकडे निघाले.

सरकारच्या कागदावर कुलूप लावलेलं घर म्हणजे स्थलांतर. सभेच्या अहवालात तो धोक्याचा इशारा होता.

सरकार काहीच करत नव्हतं असं मात्र नाही, हे सांगायला हवं. मुंबई सरकारने कामं काढली होती. नीरा डाव्या कालव्याचं काम याच दुष्काळात रिलीफ वर्क म्हणून सुरू झालं. बारामतीजवळचा शिरसुफळचा तलाव, इंदापूर तालुक्यातला भादलवाडीचा तलाव हीसुद्धा याच काळातली दुष्काळी कामं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे अनेक जण भादलवाडीला चित्रबलाकांची वसाहत बघायला थांबतात. तो तलाव उपाशी माणसांनी मातीच्या पाट्या वाहून बांधलेला आहे.

पण कलकत्त्यात बसलेले व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना खर्चाची चिंता होती. अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर लढाईची तयारी चालू होती आणि तिजोरीत पैसा हवा होता. धान्याच्या बाजारात सरकारने हात घालायचा नाही, व्यापारी आपोआप टंचाईच्या जागी धान्य नेतील, हा त्यांचा अर्थशास्त्रावरचा विश्वास. व्यापाऱ्यांनी धान्य नेलं खरं, पण जिथे पैसा होता तिथे. इंदापूरच्या हद्दीतून सोलापूरकडे जाणारी रेल्वे होती, डिकसळला स्टेशन होतं. धान्य वाहून आणायची सोय होती, ते विकत घ्यायला खिशात काही नव्हतं. याच काळात भारतातून इंग्लंडला विक्रमी गहू निर्यात झाला.

आणि मग दिल्ली दरबार आला.

१ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी लिटन यांनी दिल्लीत मोठा सोहळा भरवला. राजे-महाराजे, हत्ती, तोफा, मेजवान्या. दख्खन आणि मद्रासेत माणसं मरायला लागली होती. या दरबारात पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने काका हजर होते. रेशीम, जरी आणि हिऱ्यांच्या गर्दीत हा एक माणूस पांढऱ्या खादीत. त्यांनी सभेचं मानपत्र सादर केलं. त्यात राणीचं अभिनंदन होतंच, पण हिंदुस्थानी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा अशी मागणीही नम्र भाषेत घातलेली होती.

काकांच्या चरित्रातला हा प्रसंग नेहमी अभिमानाने सांगितला जातो आणि तो आहेच तसा. पण खरी कसोटी दरबार आटोपल्यावर लागली.

लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर पाठवलं. टेंपल यांची गोष्ट जरा विचित्र आहे. १८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वाटला आणि फारच थोडी माणसं मेली. बक्षीस काय मिळालं, तर उधळपट्टी केल्याची टीका. त्यामुळे १८७७ मध्ये आपण काटकसर करू शकतो हे दाखवायला ते निघाले होते.

त्यांनी मजुरी कापली. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य विकत घेता येईल एवढे पैसे आणि वर अर्धा आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा माती वाहणाऱ्या माणसाला हे पुरेल का, यावर तेव्हाच्या सरकारी डॉक्टरांमध्येच वाद झाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या मापाला उघड विरोध केला. याच्या जोडीला गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं धोरण आलं. काम जितकं लांब आणि कडक, तितके खरोखर गरजूच येतील असा त्यामागचा हिशोब.

हा हिशोब जमिनीवर कसा दिसतो? म्हातारी आई आणि दोन पोरं घरी असलेल्या बाईने तीस-चाळीस मैलांवरच्या कामावर जायचं म्हणजे घर मोडायचं. नाही गेली तर ती गरजू नाही असं कागदावर लागणार. 

जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कमी मजुरी घ्यायला नकार दिला आणि कामं सोडून निघून गेले. उपाशी लोकांनी केलेला हा संप होता. सरकारी अधिकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की लोकांकडे अजून खायला आहे. काका आणि रानड्यांच्या सभेने मजुरांची बाजू घेतली. माणूस कामावर येत नाही म्हणजे त्याला गरज नाही असं नसतं, हे सभा पुन्हा पुन्हा मांडत राहिली आणि आधी गोळा केलेली तालुक्यांची माहिती इथे उपयोगी पडली. ऑक्टोबरमध्ये काय स्थिती होती, जानेवारीत काय झाली, हे सरकारबाहेरच्या कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

याचा निकाल काय लागला? पूर्ण यश आलं नाही. मजुरीत थोडीफार सुधारणा झाली, पण एक पौंडाचं माप हटवायला मद्रासमध्ये काही महिने लागले. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७७ चा पाऊसही सुरुवातीला लांबला आणि त्यानंतर कॉलरा आणि तापाने उरलेल्यांना गाठलं. दोन-अडीच वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ५५ लाख माणसं गेली असा अंदाज दिला जातो, त्यातली मोठी संख्या मद्रास इलाख्यातली. मुंबई इलाख्यात मद्रासच्या मानाने कमी माणसं मेली. याचं श्रेय काही जण मुंबई सरकारने काढलेल्या कामांना देतात, काही जण सभेच्या रेट्याला. दोन्ही खरं असावं.

सभेच्या मर्यादाही होत्या. सभासदांमध्ये सरदार, इनामदार, सावकार आणि वकील यांची गर्दी. ज्यांच्याकडे शेतकऱ्याचे कागद गहाण होते, त्यातले काही जण सभेतही होते. महात्मा फुल्यांनी या सभेवर सडकून टीका केली, ती याच कारणाने. ही सभा सार्वजनिक नाही, मूठभर वरच्या जातींची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि फुले नुसती टीका करून थांबले नव्हते. सत्यशोधक समाजाने याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी चालवली. सावित्रीबाई एप्रिल १८७७ मध्ये जुन्नरकडे ओतूरला दुष्काळी कामावर होत्या आणि तिथली स्थिती त्यांनी जोतीरावांना पत्राने कळवली. एकाच दुष्काळात पुण्यातून दोन वेगळ्या प्रकारचे स्वयंसेवक बाहेर पडले होते. एका बाजूला पोरांच्या पुढ्यात भाकरी ठेवणारे, दुसऱ्या बाजूला सरकारपुढे आकडे ठेवणारे. त्यांचं आपसात पटत नव्हतं, पण गरज दोघांची होती.

सभेचे अहवाल इंग्लंडपर्यंत पोहोचले. नर्सिंगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सभेशी पत्रव्यवहार होता आणि १८७८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या दुष्काळावर आणि सावकारी पाशावर लंडनच्या मासिकात लेख लिहिला. त्याच वर्षी सभेचं इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं.

पुण्यात मात्र वातावरण बिघडत चाललं होतं. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारा एक तरुण दुष्काळी भागात फिरून आला आणि त्याने अर्ज-विनंत्यांचा नाद सोडून दिला. वासुदेव बळवंत फडके. रामोशी आणि इतर माणसं जमवून त्याने १८७९ च्या सुरुवातीला धामारी गावावर दरोडा घातला, लुटीतून सैन्य उभारायचा त्याचा बेत होता. मे महिन्यात पुण्यात विश्रामबाग वाडा पेटला. सरकारला वाटलं, या सगळ्यामागे पुण्याचे ब्राह्मण पुढारी आहेत. रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली, त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि खटला पुण्यात चालला. फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं. ते घेतलं काकांनी. ज्या माणसाने आयुष्यभर सनदशीर मार्ग सोडला नाही, दरबारातही नम्र भाषेत मागणी मांडली, तो सशस्त्र बंड करणाऱ्याच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. काकांना फडक्यांचा मार्ग पटत होता असं समजायचं कारण नाही. पण दोघांनी दुष्काळ एकच पाहिला होता आणि आरोपीला वकील मिळायला हवा हे काकांच्या धंद्याचं पहिलं कलम होतं. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं गेलं आणि १८८३ मध्ये ते तिथेच गेले.

याच १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. सुप्याच्या बाजारात पेटलेल्या कागदांपासून या कायद्यापर्यंत चार वर्षं लागली होती, मध्ये एक दुष्काळ गेला होता.

काका आता थकले होते. २५ जुलै १८८० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२.

त्याच वर्षी सरकारच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. संकट दिसायला लागताच आधी चाचणीची कामं काढायची, भाव आणि स्थलांतरावर नजर ठेवायची, मजुरीचं माप ठरवून ठेवायचं, याची पद्धत त्यातून बसली आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. धान्याचे भाव, जनावरांची विक्री, कुलूपबंद घरं. सभेची माणसं १८७६ मध्ये जे टिपत होती तेच आता सरकारी अधिकाऱ्याने टिपायचं होतं. संहिता सभेमुळेच आली असं म्हणता येणार नाही, पण ज्यांनी सरकारबाहेरून ही मागणी लावून धरली त्यात सभा सगळ्यात पुढे होती.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडे आलं ते काका गेल्यानंतर काही वर्षांनी. पुढे भाटघरचं धरण झालं, सासवडकडचे माळी बागायतदार कालव्यावर आले, ऊस आला, इंदापूरच्या बाजूला वालचंदनगर उभं राहिलं. कालव्याच्या वरचा भाग मात्र जिराईतच राहिला आणि उन्हाळ्यात तिथले टँकर अजूनही बातम्यांत येतात.

आणि सभेचं काय झालं? १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तोपर्यंत सभा लोकमान्य टिळकांच्या हातात आली होती. टिळकांनी काकांच्या काळातलीच पद्धत काढली, गावोगाव माणसं पाठवली. फरक एवढाच की यावेळी त्यांच्या हातात दुष्काळ संहिता होती. तिच्यातली कलमं मराठीत छापून ती गावांत वाटली गेली, पीक बुडालं तर सारा माफ किंवा तहकूब करून मागायचा तुमचा हक्क आहे, असं शेतकऱ्यांना जाहीर सभा घेऊन सांगितलं गेलं. सरकारनेच लिहिलेला कायदा लोकांना वाचून दाखवणं सरकारला चांगलंच झोंबलं. १८९७ मध्ये मुंबई सरकारने पुणे सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली आणि यापुढे तिच्या अर्जांची दखल घेतली जाणार नाही, असं कळवून टाकलं.